उन्हाळी ते एन.डी.एम. : एका जुन्या दुखण्याचा नवा इतिहास



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत लघवीच्या दुखण्याला जागा कशी मिळाली, असे आपल्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. चारचौघांत या दुखण्याचे नाव काढायची रीत नाही. घरातल्या बायकांनी तर ते पिढ्यान्पिढ्या अंगावरच काढले. तरीही गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत माणूस आणि रोगजंतू यांच्यात जो सामना झाला, त्याची सगळी वळणे या एका दुखण्याच्या कहाणीत सापडतात. त्यातली दोन वळणे आपल्या हैदराबादवरून जातात, एक मुंबईवरून, आणि एकाने तर आपल्या देशाच्या राजधानीचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत कायमचे नोंदवले आहे.

आपल्या भाषेत या दुखण्याला सुंदर शब्द आहे : उन्हाळी. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणे, ओटीपोटात कळ. ‘उन्हाळी लागली’ म्हटले की घरातली वडीलधारी बाई धने-जिऱ्याचे पाणी करायला घेई. कुठे सब्जा भिजत पडे, कुठे वाळ्याचे पाणी, कुठे सराट्याचा काढा. वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांत याला मूत्रकृच्छ्र म्हटले आहे. पुष्कळदा चार दिवसांत भरपूर पाणी पोटात जाऊन त्रास उतरे. उतरला नाही, तर हुडहुडी भरून ताप येई, पाठीत कळ उठे, जंतू मूत्रपिंडातून रक्तात जात आणि माणूस हाती लागत नसे. मग मधे एक काळ असा आला, की हेच दुखणे चार-पाच दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी बरे होऊ लागले. आपल्यापैकी बहुतेकांची हयात त्या काळात गेली. आज पुन्हा अशी वेळ आली आहे, की त्याच जळजळीसाठी सत्तरीतल्या आजींना रुग्णालयात दाखल करून शिरेतून इंजेक्शने द्यावी लागतात, कारण तोंडाने घेण्याची एकही गोळी त्यांच्या जंतूवर चालत नाही. हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

जंतूला नाव मिळते

लुई पाश्चरने १८६०च्या दशकातच दाखवले होते, की लघवीत जंतू फार चांगले वाढतात. निर्जंतुक केलेली लघवी हवेतल्या धुळीपासून जपली तर टिकते, धूळ शिरली की नासते, हे त्याच्या प्रयोगांतून दिसले. पण दुखणे आणणारा जंतू कोणता, हे कळायला आणखी वेळ लागला. १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश हा तरुण बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासत होता. निरोगी बाळांच्या आतड्यांतही हटकून सापडणारा एक जंतू त्याने वर्णन केला. पुढे त्याच्याच नावावरून या जंतूला एशरिशिया कोलाय म्हणू लागले. आपण सोयीसाठी ई. कोलाय म्हणू.

हा जंतू आपला शत्रू म्हणून जन्मलेला नाही. तो आपल्या आतड्यात राहतो, तिथे राहीपर्यंत त्याचा उपद्रव सहसा नसतो. वाटेवरचे दोन-चार इंच ओलांडून तो मूत्रमार्गात शिरला की भानगड होते. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे हे दुखणे त्यांना अधिक होते, यात त्यांच्या स्वच्छतेचा किंवा वागण्याचा दोष नसतो. चांगले पोषण मिळाले तर ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहा : एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. या आकड्याचे महत्त्व पुढे येईल.

त्या काळच्या डॉक्टरांजवळ औषध म्हणावे असे फार थोडे होते. १८९०च्या दशकात हेक्सामाइन नावाचे एक रसायन वापरात आले. आम्लधर्मी लघवीत त्याचे विघटन होऊन फॉर्मॅल्डिहाइड तयार होते आणि ते जंतूंना मारते. या जुनाट औषधाचे नाव लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा भेटणार आहे.

औषधाआधी तोड

खरी क्रांती १९३५ मध्ये झाली. जर्मनीत गेरहार्ड डोमाक याने प्रॉन्टोसिल या तांबड्या रंगाचा जंतूंवरचा गुण प्रसिद्ध केला. त्यातला सल्फानिलामाइड हा भाग कामाचा आहे, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी लगोलग दाखवले, आणि ‘सल्फा’च्या गोळ्यांचे युग सुरू झाले. सल्फा लघवीतून बाहेर पडत असल्यामुळे या दुखण्यावर तर रामबाणच ठरली.

पाठोपाठ पेनिसिलिन आले. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या १९२८ सालच्या बुरशीची गोष्ट आपण शाळेतच वाचलेली असते. त्या बुरशीतून औषध काढण्याचे कष्टाचे काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी रक्तात संसर्ग झालेल्या एका पोलीस शिपायाला पहिल्यांदा पेनिसिलिन दिले. साठा इतका तुटपुंजा होता, की शिपायाची लघवी रोज प्रयोगशाळेत नेऊन तिच्यातून पेनिसिलिन परत काढत आणि पुन्हा त्यालाच टोचत. तो सुधारू लागला, पण औषध संपले आणि महिन्याभरात तो गेला.

या शिपायाला पहिले इंजेक्शन देण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी, डिसेंबर १९४० मध्ये, त्याच प्रयोगशाळेतल्या अब्राहम आणि चेन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध केले होते. पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर त्यांना एका जंतूत सापडले होते. तो जंतू कोणता? आपला हाच आतड्यातला रहिवासी, ज्याला तेव्हा बॅक्टेरियम कोलाय म्हणत. माणसावर पहिला प्रयोग होण्याआधीच जंतूजवळ तोड तयार होती. बुरशी आणि जंतू एकमेकांशी लाखो वर्षे झगडत आलेले असल्यामुळे यात नवल काही नाही. तरीही औषधाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर ही नोंद आहे, हे आपण विसरलो.

फ्लेमिंग विसरला नव्हता. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात त्याने एक कल्पित गृहस्थ श्रोत्यांपुढे उभा केला. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ दुकानातून पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो, जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. तेच जंतू पुढे त्याच्या बायकोला लागतात, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती दगावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंगने विचारला, आणि त्या गृहस्थाकडेच बोट दाखवले. तेव्हा आपल्या देशात पेनिसिलिन दुर्मीळ होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षापासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला त्या कारखान्याचा जो अभिमान होता तो सार्थच होता. औषधाअभावी माणसे मरताना त्या पिढीने पाहिली होती. औषधाच्या अतिवापराने माणसे मरतील, ही भीती तिला कुठून असणार?

लोणच्याची कृती

आता या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक भाग. जंतूत औषधाला तोंड देण्याचे कसब येते ते वडिलोपार्जित मिळकतीसारखे पुढच्या पिढीला मिळते, अशी आधी समजूत होती. एका जंतूत योगायोगाने बदल घडतो, बाकीचे औषधाने मरतात, हा जगतो, आणि वीस-वीस मिनिटांत दुप्पट होत त्याचेच वंशज सगळीकडे होतात. वर केलेला हिशेब इथे लागू पडतो. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आमांशाची साथ होती. १९५०च्या दशकाच्या मध्यास तिथे असे आमांशाचे जंतू सापडले, ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे एकदम निकामी होती. चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत एकाच वेळी योगायोगाने घडणे जवळपास अशक्य. जपानी संशोधकांनी १९५९ च्या सुमारास दाखवून दिले, की आमांशाचा जंतू आणि ई. कोलाय एकत्र वाढवले तर हे चारही गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डी.एन.ए.चे छोटे कडे असते, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. ते कडे एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. शेजारणीने भिंतीवरून लोणच्याची कृती सांगावी आणि दोन्ही घरी तेच लोणचे व्हावे, तसे हे आहे. जात, गोत्र, घराणे काही आड येत नाही. शिवाय एकाच कागदावर चार कृती लिहिलेल्या असतात. एक औषध दिले तरी चारही कृती सांभाळणारा जंतू निवडला जातो.

१९६५ साली लंडनच्या नाओमी दत्ता आणि अथेन्सच्या पॉलिझेनी कोंटोमिखालू या दोघी संशोधिकांनी, पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोडणारे विकरही असेच प्लाझ्मिडवरून फिरते, हे सिद्ध केले. त्यांनी अभ्यासलेला एक ई. कोलाय अथेन्समधल्या एका रुग्णाच्या शरीरातून मिळालेला होता. त्या रुग्णाच्या नावाची पहिली तीन अक्षरे घेऊन विकराला टी.ई.एम. म्हटले गेले. लघवीच्या संसर्गावर तेव्हा नुकत्याच आलेल्या अँपिसिलिनला या विकराने काही वर्षांतच जेरीस आणले आणि ते जगभर पसरले. नाव कोणाचे द्यायचे, हा प्रश्न तेव्हा कोणाला टोचला नाही. तो पुढे आपल्याला टोचणार होता.

सिकंदराबाद ते पाटणचेरू

आता आपल्या गावाकडे येऊ. हिवताप डासांमुळे पसरतो याचा निर्णायक धागा रोनाल्ड रॉसला २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत सापडला, हे आपल्यापैकी बेगमपेठेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हिवतापावरच्या औषधांचा शोध पुढे चालू राहिला आणि १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्विन तयार झाले. या क्लोरोक्विनच्या निर्मितीत निघणाऱ्या एका उपपदार्थाला जंतू मारण्याचा गुण आहे, असे अमेरिकेत जॉर्ज लेशर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यातून १९६२ साली नॅलिडिक्सिक आम्ल हे औषध पुढे आले, आणि ते खास लघवीच्या संसर्गासाठीच वापरले गेले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी रसायनज्ञांनी त्याच साच्यात फ्लोरिनचा अणू बसवून नॉरफ्लॉक्सॅसिन बनवले. पाठोपाठ जर्मनीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले.

पुढचे आपण सर्वांनी पाहिले आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी मान्य केली नव्हती, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मान्य केली होती. त्यामुळे आपले कारखाने वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकत. हैदराबादेत बालानगरला सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या आय.डी.पी.एल.च्या सरकारी कारखान्यात शिकून तयार झालेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी खाजगी कारखाने काढले. पाहता पाहता हैदराबाद देशाच्या औषधधंद्याची राजधानी झाले. औषधे स्वस्त झाली, गरिबांपर्यंत पोचली, आणि आफ्रिकेपर्यंतही गेली. हे पुण्य मोठे आहे, ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

कारण त्याची दुसरी बाजूही इथेच दिसली. पाटणचेरूच्या औद्योगिक वसाहतीतले सुमारे ९० औषधकारखाने आपले सांडपाणी एका सामाईक शुद्धीकरण केंद्रात पाठवत. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाण्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन होते. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात औषधाची जी पातळी असते, तिच्याहून ही कितीतरी जास्त. शुद्ध केलेल्या पाण्यातून दिवसाला ४४ किलोच्या आसपास हे औषध ओढ्यात जात असावे, असा त्यांचा अंदाज होता. ओढ्यातल्या आणि चिखलातल्या अब्जावधी जंतूंना आपण रात्रंदिवस औषधाची तालीम देत होतो. नंतर या भागातल्या पाण्यात आणि मातीत औषधप्रतिरोधक जनुके विपुल सापडली, यात आश्चर्य कसले?

घरोघरी तर वेगळीच तालीम चालू होती. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याच्या जागी आता मेडिकलवाल्याकडून सुटी गोळी येऊ लागली. दोन दिवस घ्यायची, बरे वाटले की उरलेली पट्टी औषधांच्या डब्यात ठेवायची, पुढच्या वेळी नणंदेला किंवा शेजारणीला द्यायची. फ्लेमिंगचा तो गृहस्थ आपल्या प्रत्येक आळीत राहायला आला होता. आज देशातल्या मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत तपासल्या जाणाऱ्या ई. कोलायपैकी बहुसंख्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालत नाही.

रुग्णालयातली नळी

घराइतकाच मोठा वाटा रुग्णालयाचा आहे. लघवी आपोआप वाहून जावी म्हणून मूत्राशयात जी नळी घालतात, ती कॅथेटर अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली याने १९३०च्या दशकात आजच्या रूपात आणली. शस्त्रक्रिया झालेल्या, अर्धांग झालेल्या, बेशुद्ध रुग्णांसाठी ती वरदान ठरली. पण नळी म्हणजे जंतूंना चढायला शिडी. नळीच्या आतल्या-बाहेरल्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून राहतात, आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. नळी राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. पॉल बीसन या नामांकित अमेरिकन डॉक्टरने १९५८ सालीच कॅथेटरविरुद्ध फिर्याद मांडणारा लेख लिहिला होता. सोयीसाठी नळी घालू नका, घातली तर लवकर काढा, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे आजही तितकेच खरे आहे.

त्याच सुमारास बॉस्टनच्या एडवर्ड कास याने एक मोजमाप घालून दिले. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा अधिक जंतू वाढले तर तो खरा संसर्ग समजावा. आपल्या कल्चरच्या कागदावर जो आकडा येतो, त्याचे मूळ इथे आहे. मात्र वृद्धांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू असू शकतात, आणि गरोदर स्त्रिया व काही शस्त्रक्रियांचे रुग्ण वगळता अशा वेळी औषध देऊ नये, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. कागदावर ‘जंतू’ दिसले म्हणून आजोबांना औषध सुरू करण्याचा हट्ट घरच्यांनीही धरू नये.

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

एव्हाना औषधांच्या पायऱ्या वर वर जात होत्या. अँपिसिलिन गेले, सेफॅलोस्पोरिन आली. त्यांना तोडणारी सीटीएक्स-एम ही विकरे जर्मनीत सापडली. त्या नावातला ‘एम’ म्हणजे म्युनिक. या कुळातले सर्वांत पसरलेले विकर, सीटीएक्स-एम-१५, मात्र १९९९ साली नवी दिल्लीत गोळा केलेल्या जंतूंत प्रथम सापडले. जगभरच्या लघवीच्या संसर्गांत आज त्याचा धुमाकूळ आहे. नाव म्युनिकचे, प्रथम नोंद दिल्लीची, आणि कोणाचीच तक्रार नाही. सेफॅलोस्पोरिननंतर उरला कार्बापेनेम हा गट, शिरेतून द्यायचा, महाग, शेवटचा राखीव.

जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जंतू वाढला. रुग्ण भारतीय वंशाचा स्वीडिश रहिवासी होता, नुकताच भारतात रुग्णालयात राहून परतला होता. त्याच्या जंतूवर कार्बापेनेमही चालेना. तपासात एक नवीन विकर सापडले, त्याच्या गाभ्यात जस्ताचे अणू होते. त्याच रुग्णाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळाले. लोणच्याची कृती त्याच्याच शरीरात भिंतीपलीकडे गेली असावी. डिसेंबर २००९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि विकराला नाव मिळाले : न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, थोडक्यात एन.डी.एम.-१.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये चेन्नईचे कार्तिकेयन कुमारसामी, कार्डिफचे टिमोथी वॉल्श आणि इतरांचा लेख आला. चेन्नईत ४४, हरियाणात २६, ब्रिटनमध्ये ३७ आणि भारत-पाकिस्तानातल्या अन्य ठिकाणी ७३ जंतूंत त्यांना हे जनुक सापडले होते. उपचारांसाठी भारतात येणाऱ्यांना त्या लेखात सावधगिरीचा इशारा होता. मग गदारोळ उठला. संसदेत चर्चा झाली, आरोग्य मंत्रालयाने निषेध केला, आपल्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध हे कारस्थान आहे असे बोलले गेले. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचा फरक आहे. त्यांनी विकराला नाव ठेवले, आपल्याला वाटले आपल्याला नावे ठेवली.

शांतपणे पाहिले तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. शहराचे नाव देणे ही त्या शास्त्रातली चालत आलेली पद्धत होती. व्हेरोना, साओ पाउलो, सोल या शहरांची नावेही अशाच विकरांना दिलेली आहेत. तरीही एका देशाच्या राजधानीवर कायमचा शिक्का बसतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी या नावाबद्दल खेदही व्यक्त केला.

पण नाव चुकले म्हणून निष्कर्ष चुकले नव्हते, आणि हे सांगायला परक्यांची गरज नव्हती. ‘लॅन्सेट’च्या लेखाआधी पाच महिने, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू मिळाले, त्यांपैकी २२ मध्ये एन.डी.एम.-१ होते. घरच्या माणसांनी घरच्या भाषणात सांगितलेले कोणाच्या कानी गेले नाही. परक्याने चौकात म्हटले तेव्हा आपण नावावरून भांडलो. पुढे जुने साठवलेले नमुने तपासले, तेव्हा २००६-०७ मध्येच दिल्ली, मुंबई आणि पुण्याच्या रुग्णालयांत हे जनुक असल्याचे निघाले. २०११ मध्ये वॉल्श यांच्या गटाला दिल्लीच्या पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ते मिळाले. रुग्णालयाची भिंत त्याने केव्हाच ओलांडली होती.

जुनी औषधे परत येतात

भांडणातून काही चांगलेही निघाले. २०१२ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या विविध संघटनांनी मिळून चेन्नई जाहीरनामा केला. ऑगस्ट २०१३ मध्ये औषधनियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातली औषधे विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत नोंदवणे दुकानदाराला बंधनकारक झाले. २०१६ पासून औषधपट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ सांगणारी मोहीम सुरू झाली. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा झाला. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन या अखेरच्या औषधालाही प्लाझ्मिडवरून पसरणारी तोड सापडली, तेव्हा कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर आपल्या सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. जगाचा हिशेब मात्र भयानक आहे. २०१९ या एका वर्षात औषधप्रतिरोधक जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत ई. कोलायचा वाटा सर्वांत मोठ्यांपैकी आहे.

एक दिलासा इतिहासच देतो. नायट्रोफ्युरँटोइन हे १९५३ सालचे औषध मधली काही दशके अडगळीत पडले होते. ते रक्तात फारसे साठत नाही, लघवीतच उतरते, आणि कमी वापरले गेल्यामुळे जंतू त्याला तितकेसे सरावलेले नाहीत. मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी आज ते पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे. स्पेनच्या मातीतून १९६९ साली मिळालेले फॉस्फोमायसिनही असेच परतले. आणि ते १८९०च्या दशकातले हेक्सामाइन? वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत ते रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीचे ठरू शकते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत दिसले. ज्या औषधांना आपण विश्रांती दिली ती आज कामाला येतात. जमीन पडीक ठेवण्याची किंमत शेतकऱ्याला सांगावी लागत नाही.

मूत्रपिंडाचा ताप किंवा रक्तात गेलेला संसर्ग असेल तर या गोळ्या पुरत नाहीत, आणि मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर त्या पुरतीलच असे नाही. तेव्हा निवड डॉक्टरांनीच करायची असते, आणि उशीर करायचा नसतो. आपण करण्याजोगे एवढेच : वारंवार होणाऱ्या दुखण्यात औषधाच्या पहिल्या गोळीआधी लघवीचे कल्चर द्यावे, उरलेली पट्टी डब्यात ठेवू नये, आणि घरातले माणूस रुग्णालयात असेल तर रोज सकाळी नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टर, ही नळी आज काढता येईल का?’

शेवटी एक विनंती. आपल्या घराण्यांना कागद जपण्याची सवय आहे. सनदा, इनामाचे कागद, मोडीतली पत्रे, कुंडल्या आपण बासनात बांधून गाव बदलले तरी सोबत नेल्या. त्याच काळजीने आई-आजींच्या कल्चरचे अहवालही तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवा. कोणत्या वर्षी कोणता जंतू होता, कोणते औषध चालले आणि कोणते नाही, हे त्या कागदांवर लिहिलेले असते. पुढच्या वेळी रात्री अकराला ताप चढेल, नवा अहवाल यायला दोन दिवस लागतील, आणि समोरचा अनोळखी डॉक्टर कोणते औषध आधी द्यावे या विचारात असेल, तेव्हा ते जुने कागद त्याच्या हाती द्या. घराण्याच्या दप्तरातला तो सर्वांत उपयोगी इतिहास ठरेल.